नेपानगर : सालईपासून रद्दीपर्यंत

भुसावळहून इटारसीकडे निघालेल्या गाडीनं रावेर सोडलं की थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द संपते. केळीच्या बागा मात्र संपत नाहीत, त्या बऱ्हाणपूरपर्यंत सोबत करतात. हे बऱ्हाणपूर एकेकाळी फारुकी सुलतानांच्या खान्देशची राजधानी. अकबरानं १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि ती सुलतानी बुडाली. पुढे राज्यांच्या सीमा बदलत गेल्या, पण बाजारहाट आणि सोयरिकी काही त्या सीमा पाहून ठरल्या नाहीत. बऱ्हाणपूर मागे पडल्यावर सातपुड्याचे डोंगर रुळांच्या जवळ येऊ लागतात आणि नेपानगर लागतं. भारतातला वृत्तपत्री कागदाचा पहिला कारखाना इथला.

कागदाच्या धंद्यात ‘वाढ’ आणि ‘पुनर्रचना’ हे दोन शब्द वर्षानुवर्षं जोडीनं फिरतात. कॅनडातल्या, स्वीडनमधल्या बलाढ्य कंपन्या एकमेकींत विलीन होतात, दिवाळं काढतात, नाव बदलून पुन्हा उभ्या राहतात. हे सगळं दूरदेशीचं वाटतं. पण खान्देशच्या उंबऱ्यावरच्या या एका सरकारी कारखान्यानं त्यातले बहुतेक टप्पे स्वतः भोगले आहेत.

नागपूरच्या सरकारची जोखीम

स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडची वर्तमानपत्रं परदेशी कागदावर निघत. महायुद्धात जहाजं अडली तेव्हा संपादकांना पानं घटवावी लागली. छापखाना आपला, शाई आपली, पण कागद बोटीनं येणार, ही अडचण त्या काळात सगळ्यांनाच जाणवली. जानेवारी १९४७ मध्ये ‘नायर प्रेस सिंडिकेट’नं ‘नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स’ (म्हणजेच ‘नेपा’) ही कंपनी नोंदवली. उद्योग खासगी होता, मनसुबा मोठा होता, पण खासगी बळावर तो तडीस जाईना. १९४९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारनं कारभार हाती घेतला. त्या प्रांताची राजधानी नागपूर, म्हणजे हा निर्णय नागपुरात झाला.

२६ एप्रिल १९५६ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कारखाना राष्ट्राला अर्पण झाला. त्यानंतर सहा महिन्यांत भाषावार प्रांतरचना आली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, नेपानगर मध्य प्रदेशात राहिलं. कारखाना उभा करणाऱ्या सरकारची राजधानी एका राज्यात आणि कारखाना दुसऱ्यात, अशी ही वाटणी. १९५८-५९ च्या सुमारास केंद्र सरकारनं बहुतांश मालकी घेतली आणि कारखाना कोणत्या राज्याचा हा सवालच मिटला.

जागा निवडली होती ती तीन गोष्टी पाहून. मुंबई-दिल्ली लोहमार्ग दाराशी होता. तापीचं पाणी जवळ होतं, आणि कागदाला पाणी अफाट लागतं. तिसरी गोष्ट सातपुड्याचं जंगल. तिथल्या कोरड्या, मुरमाड उतारांवर सालई माजलेली असते. याच झाडाचा डिंक धूप म्हणून जळतो. सालईचं लाकूड मऊ आणि फिकट. इमारतीला ते फारसं कामाचं नाही, जळणालाही दुय्यम. अशा झाडापासून कागद निघाला तर जंगलाचं सोनं होईल, असा तेव्हाचा हिशेब होता. सोबतीला बांबू होताच.

गिरणीत काय होतं

वृत्तपत्री कागदाचा लगदा दोन प्रकारचा असतो. पहिला यांत्रिक. लाकडाचे ओंडके पाण्याच्या धारेखाली फिरत्या दगडावर दाबून धरायचे आणि त्यांचा अक्षरशः चोथा करायचा. यात लाकडाचं जवळजवळ सगळं वजन लगद्यात उतरतं, म्हणून तो स्वस्त. दुसरा रासायनिक. बांबूचे तुकडे दाहक सोड्याच्या द्रावात मोठ्या बंद भांड्यात वाफेवर शिजवायचे. त्यात लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन विरघळून निघून जातं आणि लांब, चिवट तंतू उरतात. यात निम्म्याहून अधिक माल वाया जातो, त्यामुळे तो महाग. सालईचे तंतू आखूड, म्हणून नुसत्या सालईचा कागद तकलादू. बळ बांबू देतो, भरणा सालई करते.

हे मिश्रण यंत्रावर सोडतात तेव्हा त्यात शंभरात एक भागसुद्धा तंतू नसतो, बाकी पाणीच. फिरत्या जाळीवर हे पाणी गळतं, दाबरुळांखाली पिळून निघतं, वाफेनं तापलेल्या मोठ्या नळकांड्यांवरून जाताना उरलेली ओल उडते आणि पलीकडे कागदाचं रीळ गुंडाळत जातं. हा कागद एका कसोटीवर पास किंवा नापास होतो. रोटरी छापयंत्रावर तो भन्नाट वेगानं ताणला जात असताना तुटता कामा नये. रात्री दोनला रीळ तुटलं की छपाई थांबते, गाड्यांचे गठ्ठे चुकतात आणि सकाळी एजंटांचे फोन सुरू होतात. देशी कागद आयात कागदापेक्षा जास्त तुटतो आणि मळका दिसतो, ही छापखान्यांची जुनी कुरकूर.

लिग्निन कागदात राहून गेलं की आणखी एक गोष्ट होते. ऊन आणि हवा लागताच कागद पिवळा पडतो आणि पुढे घडीवर तडकतो. याचा पडताळा धुळ्यात घेता येतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले. त्यांच्या दप्तरासाठी दुसऱ्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालं. धुळ्यातल्याच शंकर श्रीकृष्ण देवांच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेतली बाडं आहेत, आणि समर्थांच्या हस्ताक्षरातली मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची प्रतही आहे. हातकागदावरचा हा मजकूर तीन-साडेतीनशे वर्षांनी वाचता येतो. पन्नास वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र मात्र जपून उलगडावं लागतं. चिंध्या आणि ताग चुन्यात भिजवून, कुटून केलेल्या हातकागदात लिग्निन फारसं नसतं, हे त्यामागचं साधं कारण.

खुद्द खान्देशात असा कागद होत असे. एरंडोल आणि यावल ही दोन्ही गावं देशी जाड्याभरड्या कागदासाठी प्रसिद्ध असल्याची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरमध्ये आहे. पण ती नोंद होईपर्यंत धंदा उतरणीला लागला होता. यंत्राचा कागद स्वस्त पडत होता, आणि ज्या गतीनं वर्तमानपत्रं निघू लागली ती गती हातकागद करणाऱ्या कुठल्याच कागदी कुटुंबाला पेलणारी नव्हती. ढोबळ हिशेब केला तर एक टन वृत्तपत्री कागदात बारा पानी दैनिकाच्या साधारण १९ हजार प्रती निघतात. लाखभर खपाच्या दैनिकाला रोज पाच टनांहून अधिक कागद लागतो, तोही सणवार न पाहता.

हमीचं गिऱ्हाईक

नेपानगरची सुरुवातीची क्षमता वर्षाला ३० हजार टन होती. विस्तार होत ती ८० हजार टनांच्या पुढे गेली. क्वार्टर्स, शाळा, दवाखाना, बाजार असं अख्खं गाव कारखान्याच्या भोंग्यावर जगू लागलं. ही वाढ कौतुकाची होतीच, पण तिला एक भक्कम टेकू होता. १९८० च्या दशकाच्या तोंडापर्यंत देशात दुसरा वृत्तपत्री कागदाचा कारखाना नव्हता.

शिवाय १९६२ च्या नियंत्रण आदेशानं वर्तमानपत्रांचा कागद कोट्यावर आणला होता. परदेशी कागद स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत यायचा आणि कोणाला किती मिळणार हे सरकार ठरवायचं. दहा पानांची मर्यादा घालणाऱ्या कागदधोरणाविरुद्ध मोठ्या वृत्तपत्रसमूहांनी सर्वोच्च न्यायालय गाठलं. १९७२ च्या बेनेट कोलमन खटल्यात ती बंधनं घटनाबाह्य ठरली. कोट्याची चौकट मात्र पुढेही राहिली. अशा व्यवस्थेत नेपाच्या कागदाला गिऱ्हाईक शोधावं लागत नव्हतं. माल कसाही निघो, उठाव ठरलेला.

कच्चा मालही असाच हक्कानं यायचा. त्या काळी राज्य सरकारं कागद गिरण्यांना जंगल जवळजवळ फुकट देत. माधव गाडगीळ यांनी उत्तर कन्नडमधलं उदाहरण नोंदवून ठेवलं आहे. दांडेलीच्या वेस्ट कोस्ट पेपर मिलला सुरुवातीला बांबू टनाला दीड रुपया दरानं मिळत होता, आणि त्याच बांबूसाठी बुरूड बाजारभावानं कित्येक पटींनी जास्त मोजत होते. इतक्या स्वस्त मालाची राखण कोण करणार? पुन्हा लावण्यापेक्षा पुढच्या डोंगरावर जाणं परवडायचं.

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानं हे दार बंद करायला घेतलं. उद्योगांनी नैसर्गिक जंगलावर न जगता शेतकऱ्यांशी करार करून आपला माल आपण पिकवावा, असं ते धोरण सांगत होतं. नेपासारख्या गिरणीला लांबून लाकूड आणणं किंवा रद्दीकडे वळणं, हेच पर्याय उरले. ती रद्दीकडे वळली.

रद्दीचा प्रवास

जळगावच्या एखाद्या घरातून महिन्याचे पेपर तराजूवर जातात, तिथून हा प्रवास सुरू होतो. हातगाडीवाला, रद्दीचं दुकान, ठोक व्यापारी, गठ्ठे बांधणारं यंत्र आणि मग ट्रक. प्रत्येक हाती माल निवडला जातो. कोरा कागद वेगळा, वह्या वेगळ्या, पेपर वेगळे, पुठ्ठा वेगळा. खान्देशातून सुरतमार्गे गेलं की वापी लागतं, आणि त्या पट्ट्यात रद्दीवर चालणाऱ्या गिरण्यांचा मोठा गोतावळा आहे. तिथल्या पुठ्ठ्याच्या कागदाला शाई चालते. वृत्तपत्री कागदाला मात्र ती आधी काढावी लागते.

त्यासाठी रद्दी पाण्यात घुसळून तिचा लगदा करतात, त्यात सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि साबण घालतात आणि खालून हवेचे बुडबुडे सोडतात. शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि काळपट फेस काढून टाकता येतो. दरवेळी तंतू थोडे आखूड होतात, थोडे वाहून जातात. त्यामुळे तोच कागद कितीही वेळा फिरवता येत नाही, कुठून तरी नवा, लांब तंतू भरत राहावं लागतं. शिवाय आपल्याकडे जुना पेपर गिरणीपर्यंत पोचण्याआधी किराण्याच्या पुड्यांत, फळांच्या पेट्यांत आणि कपाटाच्या फळ्यांवर खपतो. चांगल्या रद्दीसाठी भारतीय गिरण्या परदेशावर अवलंबून आहेत. म्हणजे जंगल दाराशी असलेला कारखाना जागतिक रद्दीबाजाराच्या भावाला बांधला गेला.

दार उघडलं

१९८० च्या दशकात म्हैसूर पेपर मिल्स, केरळचं हिंदुस्थान न्यूजप्रिंट आणि तमिळनाडू न्यूजप्रिंट मैदानात आले. १९८९ मध्ये नेपानगरच्या कंपनीचं नाव ‘नेपा लिमिटेड’ झालं. खरा धक्का १९९५ चा. त्या वर्षी वृत्तपत्री कागदाची आयात खुली झाली. आता संपादकाला कॅनडा, रशिया, फिनलंड यांच्यातून निवड करता येत होती. हा कागद पांढरा होता, एकसारखा होता आणि यंत्रावर तुटत नव्हता. मुंबई बंदरावर उतरून, गाडीभाडं भरूनही अनेकदा तो देशी कागदापेक्षा परवडायचा. १९९८ मध्ये नेपाची आजारी उद्योग म्हणून औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे नोंद झाली.

त्यानंतर खासगी भागीदार शोधण्याचे प्रयत्न झाले, ते जमले नाहीत. २०१२ मध्ये केंद्रानं पुनरुज्जीवनाचा आराखडा मंजूर केला. नव्या यंत्रांसाठी २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं गेलं. काम लांबलं, पैसा अपुरा पडला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं ४६९.४१ कोटी रुपयांचं नवं पॅकेज दिलं.

या रकमेची फोड बोलकी आहे. २७७ कोटी भांडवल म्हणून, यंत्रांचं काम पुरं करायला. १०१.५८ कोटी स्वेच्छानिवृत्तीसाठी. ९०.८३ कोटी कर्ज, पगार भागवायला. म्हणजे कागदाचा एक ताव निघण्याआधी दर शंभर रुपयांतले ४१ रुपये माणसांना घरी पाठवण्यात आणि थांबलेल्या गिरणीचे पगार करण्यात जाणार होते. पुनर्रचनेला जितका उशीर, तितका हा वाटा फुगतो.

कारखाना पुन्हा सुरू झाला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. वर्षाला एक लाख टन क्षमता, आणि वृत्तपत्री कागदासोबत लिहिण्या-छपाईचाही कागद, असं उद्दिष्ट. मधल्या सहा वर्षांत बाजार पुरता बदलला होता. कोविडनं दैनिकांची पानं आणि खप दोन्ही खाली आणले. लगेच युक्रेन युद्ध सुरू झालं आणि रशियाचा कागद अडून भाव भडकले. महाग आयातीमुळे देशी गिरण्यांना क्षणभर हायसं वाटलं, पण वाचक मोबाइलकडे गेलेला होता तो गेलाच.

बाकीच्यांचं काय झालं

नेपानगरचं दुखणं सरकारी होतं म्हणून ओढवलं, असं म्हणून हात झटकता येत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरचा कारखाना खासगी, थापर घराण्याचा, १९४५ मध्ये स्थापन झालेला. २००१ मध्ये त्यांनी इंडोनेशियाच्या सिनार मास समूहाचा भिगवणचा प्रकल्प घेतला आणि २००७ मध्ये मलेशियातली सबाह फॉरेस्ट इंडस्ट्रीज विकत घेतली. बल्लारपूरचं नाव आंतरराष्ट्रीय झालं. परदेशात स्वतःचं जंगल हाती आलं की कच्च्या मालाची ददात मिटेल, हा विचार चुकीचा नव्हता. पण तो कर्जावर उभा होता. कर्जाचं ओझं वाढत गेलं, तेलंगणातल्या कमलापूरमचा कारखाना बंद पडला आणि २०२० मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.

उत्तर अमेरिकेतली गोष्ट याहून मोठी. कॅनडाची अबिटिबी-कन्सॉलिडेटेड आणि अमेरिकेची बोवॉटर २००७ मध्ये एक झाल्या आणि जगातली सर्वांत मोठी वृत्तपत्री कागद कंपनी तयार झाली. मागणी घटत असताना आकार वाढवून खर्च वाचवायचा, ही त्यामागची कल्पना. दोनच वर्षांत, एप्रिल २००९ मध्ये, कंपनीनं दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं. २०११ मध्ये तिनं ‘रेझोल्यूट’ हे नाव घेतलं आणि २०२३ मध्ये ती ‘पेपर एक्सलन्स’च्या ताब्यात गेली. स्वीडन-फिनलंडच्या स्टोरा एन्सोनं शंभराहून अधिक वर्षं चाललेला क्वार्नस्वेडनचा कारखाना २०२१ मध्ये बंद केला. तिचा मोर्चा तोवर खोक्यांच्या पुठ्ठ्याकडे वळला होता.

आपल्याकडे टिकून राहिली ती तमिळनाडू न्यूजप्रिंट, आणि तीही सरकारी पुढाकारातूनच उभी राहिलेली. तिनं पहिल्यापासून उसाच्या चिपाडावर कागद काढला. चिपाड साखर कारखान्यांचं हक्काचं जळण. ते त्यांनी द्यावं म्हणून बदल्यात त्यांना वाफ किंवा दुसरं जळण पुरवण्याचे करार झाले. कच्चा माल जवळचा, दरवर्षी पिकणारा आणि दोन्ही बाजूंना बांधून घेणारा. वृत्तपत्री कागदात दम उरला नाही असं दिसताच तिनं वह्या-पुस्तकांच्या कागदाकडे मोर्चा वळवला. मालकी कोणाची, यापेक्षा माल कुठून येतो आणि काय काढायचं हे किती लवकर बदललं, यावर या गिरण्यांचं नशीब ठरलेलं दिसतं. नेपानगरला तो बदल करायला वीस-पंचवीस वर्षं लागली.

केळीच्या खोडाचा हिशेब

खान्देशात हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. रावेर, यावल, चोपडा आणि पलीकडे बऱ्हाणपूर, एवढा केळीचा पट्टा. मृगबाग असो की कांदेबाग, म्हणजे लागवड कुठल्याही हंगामातली असो, घड कापला की खोड निकामी. मग त्याचाच कागद का होत नाही?

होतो, आणि चिवट होतो. हातकागदासाठी केळीचा तंतू उत्तमच. अडचण वजनात आहे. ताज्या खोडात दहातले नऊ भाग पाणी. उरलेल्या कोरड्या मालातला निम्मा लगद्यात उतरला असं धरलं तरी रोज शंभर टन लगद्यासाठी दोन हजार टन खोडं आणावी लागतील. दहा टनी ट्रक धरला तर रोज दोनशे ट्रक, आणि त्यातले एकशे ऐंशी नुसतं पाणी वाहणार. खोड चार दिवस पडलं की सडायला लागतं, म्हणजे साठवणही नाही. चिपाडाचं तसं नसतं. ते साखर कारखान्यातच पिळून, एका ठिकाणी ढीग होऊन मिळतं.

हे गणित सुधारायचं तर पाणी बागेच्या बांधावरच काढावं लागेल आणि वाळलेला धागा तेवढा गिरणीकडे धाडावा लागेल. पण खोडातून सोलून काढलेल्या स्वच्छ धाग्याला दोर, चटया आणि कापड करणारे जो भाव देऊ शकतात, तो वृत्तपत्री कागद विकणाऱ्या गिरणीच्या आवाक्याबाहेरचा आहे. शेतकरी चांगला धागा तिकडेच देणार. मागे उरतो तो चोथा, आखूड तंतूंचा आणि ओला. त्याचं काय करायचं हे गणित अजून बाकी आहे, आणि त्यात वाहतुकीचं भाडं कोण सोसणार ही पहिली ओळ आहे.